दिवे लागणारे बूट

आज अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एका परिचितांनी लिहिले, "मुलांना प्रायव्हेट स्कूलमध्ये घाला, गोळीबार पब्लिक स्कूलमध्येच होतात." लगेच चार अंगठेही उमटले. मंडळी, २७ मार्च २०२३ रोजी नॅशव्हिलच्या कॉव्हेनंट शाळेत नऊ वर्षांची तीन मुले आणि तीन मोठी माणसे मारली गेली, ती शाळा खाजगीच होती. खाजगी शाळांत अशा घटना कमी घडतात, हे मान्य. पण मुळात त्या शाळाच कमी आहेत.

माझी धाकटी दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात ड्रिल, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर दार लावून, अंधार करून लपायचा सराव, झाल्यावर तिच्या बाईंनी मला अगदी संकोचाने सांगितले, की चालताना लुकलुकणारे ते गुलाबी बूट शाळेत नकोत, कारण अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसल्यावर ते दिसतात.

तिच्या वयाच्या मुलांवर संकट येते ते बहुधा बाहेरून. सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २०१२ साली सहा-सात वर्षांची २० मुले गेली, युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत २०२२ साली थोडी मोठी १९ मुले. दोन्हीकडे मारेकरी वयाने वाढलेला आणि बाहेरून आत शिरलेला. तिथे कुलपाला, अंधाराला, बुटांनासुद्धा अर्थ आहे. (युवाल्डीत पोलीस तासाभराहून अधिक वेळ वर्गाबाहेरच थांबले, त्याबद्दल मी आज लिहीत नाही, नाहीतर तोल जाईल.)

हायस्कुलात मात्र बंदूक बहुधा त्याच शाळेच्या पटावरचा मुलगा घेऊन येतो. कोलंबाइनमध्ये तसेच झाले. मिशिगनच्या ऑक्सफर्डमध्ये २०२१ साली गोळीबाराच्या दिवशी सकाळीच, तो करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना शाळेत बोलावून त्याने काढलेले बंदुकीचे चित्र दाखवले, तरी तो वर्गात परतला. पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतले होते. बुटांची गोष्ट ऐकून माझा दहावीतला मुलगा शांतपणे म्हणाला, "आई, आमच्याकडे तो आमच्यातलाच असेल. कोपरा त्यालाही माहीत असतो."

आणि शहरातल्या गरीब वस्तीच्या शाळेबाहेर, सुटल्यावरच्या भांडणात एखादा मुलगा गोळीने जातो, तेव्हा आपल्या गटावर साधी श्रद्धांजलीही उमटत नाही. मीही कधी लिहिली नाही.

त्या परिचितांवर चिडून लिहायला बसले होते. त्यांनाही नातवंडे आहेत, भीती त्यांचीही खरीच.

आज रात्री धाकटीने ते बूट पुसून रविवारच्या मराठी शाळेच्या पिशवीजवळ ठेवले.

"तिथे ड्रिल नसतं ना, आई?"