नळ्या, नक्षी आणि लोहाराचा डोळा

सर,

दख्खनच्या जुन्या तलवारींवरच्या माझ्या लेखावर तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. पोलादाच्या घड्या घालून तलवारीवर नक्षी येते, हे मी लिहिलं ते चूक. आणि अशा तलवारीत सापडलेल्या कार्बन नॅनोट्यूबबद्दल, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांबद्दल, अवाक्षर न काढून मी पूर्वजांचं ज्ञान नाकारलं.

पहिला आक्षेप मान्य, लेखात दुरुस्ती केली आहे. घड्यांचं पातं वेगळं. दख्खनचं पोलाद मुशीत वितळवलेला एकसंध गोळा, कार्बन साधारण दीड टक्का. (आपल्याकडच्या तेलुगू घरांत पोलादाला आजही उक्कु म्हणतात, इंग्रजांनी या पोलादाला दिलेलं ‘वूट्झ’ हे नाव त्याच कुळातलं.) गोळा थिजताना व्हॅनेडियम या धातूसारख्या अत्यल्प अशुद्धी ठरावीक जागी साचतात. पुनःपुन्हा तापवून ठोकलं की त्या जागी सिमेंटाइटचे, म्हणजे लोह-कार्बाइडचे, कण ओळीनं जमतात. ॲसिड लावल्यावर ते उजळ राहतात, बाकीचं काळवंडतं. अमेरिकेत जॉन व्हेरहोवेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी अशी पाती स्वतः घडवून हे दाखवलं.

आता नळ्या. २००६ साली ड्रेस्डेनच्या पाउफलर यांच्या गटानं सतराव्या शतकातल्या एका तलवारीचा तुकडा हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवला आणि उरलेल्या भागात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं नॅनोट्यूब पाहिल्या. मी लेखासाठी तलवारीचा तुकडा पाहिला तो कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपखाली. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतलं काही वेगळं दिसत नाही, नळ्या तर त्याहून कितीतरी बारीक. त्यामुळे ‘मला दिसल्या नाहीत’ याला काडीचाही अर्थ नाही. पण त्यांचा उल्लेख तरी करायला हवा होता, ही माझी कसूर.

मात्र पात्यात नळी सापडली म्हणून लोहाराला नळी माहीत होती, हे मला पटत नाही. त्याला धग माहीत होती. पोलाद जरा जास्त तापलं की कार्बाइड विरघळतं आणि नक्षी पुसली जाते. कमी तापलं की घणाखाली तडकतं. ही मधली अरुंद पट्टी त्यानं थर्मामीटरशिवाय, नुसत्या लालीवरून सांभाळली. आपल्याकडं कडक भाकरी करणारी बाई तव्याची धग अशीच ओळखते. तिला स्टार्चचं रसायन येत होतं असं म्हटल्यानं तिचा मान वाढतो का? मला तर उलट वाटतं, तिचं खरं कसब त्यात झाकलं जातं.

आणि हो, घरच्या जुन्या दांडपट्ट्याच्या पात्यावर ॲसिड लावून बघणार असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून नका लावू. मी मुगाएवढा तुकडा घेतला तो आधीच तुटलेल्या टोकाचा. आधी मऊ फडक्यानं धूळ पुसा, तिरप्या उजेडात धरा आणि फोटो पाठवा.