सहीनंतरची धूळ

रविवारी वास्तुशांत, आणि रंगारी घर सोडून गेले बुधवारी. फरशीवर सिमेंटचे डाग, काचांवर रंगाचे ठिपके, आणि जांभ्या चिऱ्याची भिंत कटरने कापून काढलेल्या नव्या खिडकीची तांबडी धूळ पार मसाल्याच्या डब्यापर्यंत. साफसफाईवाल्यांना फोन केला. दर सहा रुपये. गोव्यात घर काय, जमीन काय, सगळं चौरस मीटरवर मोजायची सवय. मी सहाला 110 ने गुणलं, 660 आले, आणि लगेच 'या' म्हटलं. दर चौरस फुटाचा होता हे गाडी दारात आल्यावर कळलं. 110 चौरस मीटर म्हणजे 1184 चौरस फूट. 7104 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मुलं कामाला चोख होती, हे कबूल करतो. फक्त देवघराच्या संगमरवरावर अ‍ॅसिड ओतायला निघाली, तेव्हा मी आडवा आलो. संगमरवरावर अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, आणि फेसाबरोबर चकाकीही जाते. सुपरवायझर म्हणाला, "सर, पॅकेजमध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत." संध्याकाळी पाच वाजता त्याने मोबाईलवर माझी बोटाने सही घेतली.

शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटली. बारीक धूळ हवेत तरंगत राहते आणि निवांत खाली बसते, हे मलाही ठाऊक आहे. पण साडेआठ हजारांच्या आसपास मोजल्यावर तिने जरा लाज बाळगावी की नाही? सुपरवायझरला बोलावलं. तो आला, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, ही सहीनंतरची धूळ."

एवढ्यात शेजारचे आबा सोप्यावरून उठून आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आबांनी डिचोलीतल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे मालाचे नमुने घेऊन त्यात लोह किती टक्के ती 'ग्रेड' ठरवण्यात, उमर काढली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाण-लिजांचं नूतनीकरण रद्द केलं, ट्रक थांबले, आणि तेव्हापासून आबांकडे पारखायला मालच उरला नव्हता. त्यांनी चश्मा वर केला. टेबलावरची धूळ चिमटीत घेतली. अंगठ्याने चोळली. खिशातून बिलाचा कागद काढून त्याच्या पाठीवर ओढली आणि कागद खिडकीकडे धरला. मी आणि सुपरवायझर निकालाची वाट पाहत उभे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी कोणी हललं नाही.

"हें पळय," आबा म्हणाले. "चोपन्न ग्रेड."

"म्हणजे?"

"ही खणीची. तुज्या बांदकामाची न्हय."

"अहो आबा, चिराही तांबडाच असतो! खिडकी तुमच्या डोळ्यांदेखत कापली."

"हांव बावीस वर्सां सॅम्पलिंगांत आशिल्लों. म्हाका शिकयता?"

सुपरवायझरचा चेहरा असा उजळला, की काल आमच्या काचाही तशा उजळल्या नव्हत्या. तो आबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. 'बाहेरून आलेली धूळ' असं त्याने मोबाईलवर टाईप केलं आणि 'लोह' कसं लिहायचं ते आबांनाच विचारलं. वर 'काकांसारखी माणसं आता मिळत नाहीत सर' हे मला ऐकवलं. कोणत्या खाणीची, ट्रक कोणत्या रस्त्याने गेला असेल, जुना माल आणि नवा माल ओळखायचा कसा, हे सगळं आबा त्याला दहा मिनिटं समजावत होते. ज्याच्या टेबलावर धूळ होती तो माणूस मधल्या मधे चहा ठेवायला गेला. तीन कप. सुपरवायझरने साखर दोन चमचे सांगितली.

माझा खरा राग आबांवर आहे. घर चाळीस वर्षं शेजारी. चवथीच्या नेवऱ्या इथल्या. आणि साक्ष दिली ती स्कूटरवरून आलेल्या परक्या मुलाच्या बाजूने, केवळ त्याने 'लोह' विचारलं म्हणून.

चहा संपवून आबा उठले. तोल सावरायला हात टेकला तो थेट नव्या पांढऱ्या भिंतीला. चार बोटं आणि अंगठा, तांबडे, स्पष्ट.

सुपरवायझरने त्याचाही फोटो काढला. "हेही सहीनंतरचं, सर."