लेकरांच्या पुस्तकात कोपी कुठंय?

पहिलीच्या पोरांना हिंदी सक्तीची करायची की नाही, यावरून 2025 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र तापला होता. 16 एप्रिलला शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यातले शब्द बदलले आणि 29 जूनला तो मागे घ्यावा लागला. मी बर्मिंगहॅमला राहते, माहेर अंबाजोगाईचं. घरच्या ग्रुपवर हे सगळं वाचत होते आणि सक्तीला माझाही विरोधच होता. त्याच वर्षी बीड जिल्ह्यात पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनावं काढली गेली, नुसतं नाव ठेवलं. आरक्षणाच्या वादानं गावागावांत जी फूट पडली, तिच्यात खाकीकडे बघतानाही लोक आधी आडनाव वाचायला लागले होते. तो निर्णय मला योग्य वाटला, आजही वाटतो.

पण या दोन्ही वादांत सहा वर्षांच्या आतलं लेकरू कुठंच नव्हतं, आणि त्याच्या हाती येणारं पहिलं चित्रपुस्तकही नव्हतं. आपलं कोण आणि परकं कोण, याची मांडणी तर त्याच वयात होते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा महिन्यांच्या बाळांसमोर दोन माणसं ठेवली, एक त्यांच्या घरची भाषा बोलणारं आणि एक परकी. दोघांनी सारखीच खेळणी पुढं केली, तरी बाळांनी घरची भाषा बोलणाऱ्याकडचं खेळणं जास्त वेळा घेतलं. म्हणजे शाळेचा उंबरठा अजून कित्येक वर्षं लांब असताना निवड सुरू झालेली असते. आपल्याकडे रांगतं लेकरू दिसलं की ओट्यावरची म्हातारी मायेनं विचारते, "कुणाचं गं हे?" उत्तर बापाच्या नावावर थांबत नाही, गल्लीपर्यंत आणि वस्तीपर्यंत जातं. तीन वर्षांच्या पोराला कुणाच्या घरात पाणी प्यायचं नाही हे ठाऊक असतं. त्याला ते कुणी धडा म्हणून शिकवलेलं नसतं.

इथं ब्रिटनमध्ये बाळांना फुकट पुस्तक देण्याची 'बुकस्टार्ट' योजना 1992 मध्ये याच शहरात सुमारे 300 बाळांपासून सुरू झाली आणि पुढे देशभर पोचली. ग्रंथालयात लाळ गाळणारी, पुस्तकाचा कोपरा चावणारी पोरं मांडीवर घेऊन आया बसलेल्या असतात आणि कुणी त्यांना हटकत नाही. पुठ्ठ्याची जाड पानं त्यासाठीच असतात. या पुस्तकांत सगळ्यांची पोरं दिसतात, असं मात्र नव्हतं. 2017 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या बालपुस्तकांची मोजणी झाली, तेव्हा श्वेतवर्णीय नसलेलं किमान एक पात्र असलेली पुस्तकं फक्त 4 टक्के निघाली आणि असं पात्र मुख्य भूमिकेत असलेली 1 टक्का. आकडा छापून आला म्हणून प्रकाशकांना उत्तर द्यावं लागलं. आता माझ्या लेकीच्या हाती येणाऱ्या पुस्तकांत पटका बांधलेला मुलगा असतो, हिजाबातली आई असते, चाकाच्या खुर्चीतली मैत्रीण असते.

तरीही ही पुस्तकं मराठी करून अंगणवाड्यांत वाटा, असं मी म्हणणार नाही. कातडीचा रंग बदलतो, पण घर तेच राहतं. प्रत्येक लेकराला स्वतःची खोली, स्वतःचा पलंग, आणि गोष्टीच्या शेवटी 'मी आहे तसाच छान आहे' हा शोध. आपलं लेकरू आजीच्या कुशीत, चुलत भावंडांच्या रांगेत झोपतं. त्याची ओळख एकट्याची नसते, ती गोतावळ्यातून येते. मग त्याच्या दोस्तीची अडचणही वेगळी असते. 'मी कोण' हे त्याला दिवसातून दहा वेळा सांगितलं जातं. 'तो आपल्यातला नाही' हे वाक्य त्याला कसं ओलांडता येईल, हा त्याचा प्रश्न आहे.

इथं बीडच्या पोलिसांचा उपाय पुस्तकाला चालत नाही. आपल्या बऱ्याच चित्रपुस्तकांनी नकळत तोच उपाय धरलाय. पोराला नुसतं नाव असतं, आडनाव नसतं, इथवर ठीक. पण त्याचं घर कौलारू, अंगणात तुळस, आई स्वयंपाकघरात, बाबा ऑफिसात. आडनाव न छापताही ते घर कुणाचं हे सगळ्यांना कळतं. पोलिसानं सगळ्यांना सारखं वागवावं म्हणून त्याचं आडनाव झाकणं बरोबर आहे. लेकराच्या पुस्तकात मात्र घरं उघडी दिसायला हवीत, सगळ्यांची. धाब्याचं मातीचं घर हवं, बंजाऱ्यांचा तांडा हवा, निळा झेंडा असलेली वस्ती हवी, ईदेला शीरखुर्म्याची वाटी शेजारी पोचवणारा मोहल्ला हवा.

आणि कोपी हवी, म्हणजे ऊसतोड मजुरांची उसाच्या पाचटाची झोपडी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ज्या पोरांना सांभाळायला मागं कुणी नाही, ती आईबापाबरोबर जातात आणि फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत राहतात. 'हे माझं घर' असं लिहिलेल्या पानावर त्या लेकराला कोपी कधी दिसली आहे? वर्षातले पाच-सहा महिने ते जिथं झोपतं, ती जागा पुस्तकाच्या लेखी अस्तित्वातच नाही. गावी परतल्यावर जुना दोस्त ओळखेल का, ही त्याची काळजी खरी आहे. दोन-तीन वर्षांच्या पोरासाठी एवढी गोष्ट पुरेशी आहे: दोस्त गेला, दोस्त आला, दोघं मिळून भाकर खाल्ली. कुठल्या घरची भाकर, ते चित्रात दिसू द्या. त्यावर एकतेचं भाषण नको. भाषण आलं की लेकरू पान उलटतं.

"एवढ्याशा जिवाला जातधर्म कशाला दाखवता?" हा आक्षेप मी घरच्या माणसांकडूनच ऐकला आहे आणि तो मायेपोटी येतो. पण लेकरू ते बघतच असतं, फक्त मोठ्यांच्या नजरेतून. दुसरी भीती मला जास्त खरी वाटते, ती म्हणजे पालक बिथरण्याची. 2019 मध्ये याच बर्मिंगहॅममध्ये समलिंगी पालकांची कुटुंबं दाखवणाऱ्या चित्रपुस्तकांवरून प्राथमिक शाळांबाहेर महिनोन्‌महिने निदर्शनं झाली, एक प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या कुटुंबांतली पोरं वर्गात होती, त्यांना पुस्तकात जागा मिळायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बाहेर उभ्या आयांपैकी कितीजणींनी ती पुस्तकं आधी मांडीवर घेऊन वाचली होती? आपल्याकडे अंगणवाडीताई प्रत्येक घर ओळखते, तिच्या शब्दाला किंमत आहे. पुस्तक आधी तिनं आयांना वाचून दाखवावं, मग लेकरांना.

अशा पुस्तकांना पैसा नाही, हे कारण मला पटत नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर 2015 पासून खुल्या परवान्याची चित्रपुस्तकं आहेत, मराठीतही आहेत. ती कुणीही उतरवून घ्यावीत, छापावीत, आपल्या बोलीत बदलावीत. म्हणजे 'काय करतोयस'च्या जागी 'काय करायलास' छापायलाही परवानगी लागत नाही. दहा महिन्यांचं बाळ बोलण्यावरून आपलं माणूस ओळखत असेल, तर बीडच्या लेकराचं पहिलं पुस्तक पुण्याच्या बोलीत का असावं? मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, मी इथं पेढे वाटले. त्या आनंदात आपली बोलीही यायला हवी.

आम्ही बाहेर राहणारे गावच्या मंदिराच्या सभामंडपाला देणगी पाठवतो, कमानीवर नाव लागतं. माझं म्हणणं आहे की पुढची देणगी चित्रकाराच्या मानधनासाठी द्यावी, परळीच्या, गेवराईच्या, माजलगावच्या चित्रकाराच्या, ज्यानं कोपी आतून पाहिली आहे. आणि छापलेली पुस्तकं दसऱ्याच्या आत अंगणवाडीत पोचली पाहिजेत, कारण त्यानंतर टोळ्या निघतात आणि ज्या पोरांसाठी ती काढली, तीच गावात नसतात.