घसारा

साडेचारशे रुपये. दुकानातल्या पोराने आकडा तोंडाने उच्चारलासुद्धा नाही. कॅल्क्युलेटरवर टाइप केला आणि पेशंटच्या नातेवाइकाला रिपोर्ट दाखवावा तसा हळूच माझ्याकडे वळवला.

"काका, एक्स्चेंजमध्ये एवढेच बसतील."

काका! म्हणजे टॅबबरोबर माझाही भाव त्याने तिथल्या तिथे करून टाकला.

सतरा हजार पाचशेला घेतलेला टॅब. जुलै २०२०, लॉकडाऊन, मुलीची शाळा पडद्यावर भरत होती आणि टॅब मिळतोय हीच दुकानदाराची मेहेरबानी. आजही त्यात मोडलंय असं काही नाही. काच शाबूत, आवाज खणखणीत, बॅटरी चार तास तग धरते. फक्त गेल्या महिन्यात बँकेच्या ॲपने सांगितलं की मी तुमच्या या उपकरणावर चालणार नाही, आणि परवा ऐन मॅचच्या दिवशी मॅच दाखवणाऱ्या ॲपने त्याला अनुमोदन दिलं. बायको त्यावर रेसिपी बघते, तेवढं अजून चालतं. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून ती काही लाजणार नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. मी विमा सर्व्हेअर आहे. बावीस वर्षं लोकांच्या चेपलेल्या गाड्यांभोवती वही घेऊन फिरतोय. "साहेब, घसारा धरावा लागतो," हे वाक्य माझ्या तोंडून दिवसातून चार वेळा तरी बाहेर पडतं. रबर, प्लास्टिक, बॅटरी यांना पन्नास टक्के. गाडी पाचव्या वर्षात असेल तर किंमत निम्मी धरायची. ते ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात, जणू बंपर मीच लाथ मारून फोडलाय. आणि इथे, त्याच पाच वर्षांत, माझ्या टॅबला सत्त्याण्णव टक्के घसारा! एवढा घसारा मी पुरात बुडालेल्या गाडीलाही लावलेला नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"मुळात घेतलात कशाला?"

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. मांडीवर बटणाची प्लॅस्टिक फाईल, चष्मा दोरीला लटकवलेला, हातात दुकानाच्या कूलरमधून भरून घेतलेली स्वतःची बाटली. दुकानातली पोरं त्यांना नाना म्हणत होती. वीज मंडळातून रिटायर झालेले. ते रोज चार ते सहा इथे बसतात हे मला नंतर कळलं. एसी चांगला आहे.

"नाना टॅब घेणारेत," पोरगा म्हणाला.

"अरे वा. कधीपासून बघताय?"

"दोन हजार दहापासून."

मला वाटलं, चेष्टा करतायत. नानांनी फाईलचं बटण टक्कन उघडलं. आत पिवळी पडलेली कात्रणं, प्रत्येकावर निळ्या बॉलपेनने तारीख. पहिलं २८ जानेवारी २०१०चं. आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने आयपॅड हातात धरून दाखवला होता.

"त्याच दिवशी ठरवलं, घ्यायचा. पण पहिलं मॉडेल घ्यायचं नसतं. कॅमेरा होता का त्याला? नव्हता. भारतात आला कधी? जानेवारी अकराच्या अखेरीला. आणि २ मार्चला तिकडे दुसरा जाहीर, कॅमेऱ्यासकट. ज्यांनी घाईघाईने पहिला घेतला त्यांच्या अंगाची हळद उतरली नव्हती हो!"

"मग दुसरा घ्यायचा."

"घेणार होतो. पण तेवढ्यात बाकीचे आले ना बाजारात." नानांनी कात्रण उलटलं. "हा एचपीचा टॅब, नाव टचपॅड. १ जुलै २०११ला आला, १८ ऑगस्टला कंपनीने हात वर केले. एकोणपन्नास दिवस! आषाढाच्या तोंडावर बारसं आणि श्रावणात तेरावं. आणि गंमत बघा, चारशे नव्व्याण्णव डॉलरला कुणी विचारत नव्हतं, नव्व्याण्णवला काढल्यावर अमेरिकेत झुंबड. जिवंतपणी चौकशी नाही आणि तेराव्याला पंगती."

दुकानात एव्हाना आणखी दोघंतिघं थबकले होते. नानांचा आवाज चढला. बहुतेक रोजच चढत असावा, कारण पोरं आपापल्या कामाला लागली.

"ब्लॅकबेरी. ज्याचं नाव ईमेलवर मोठं झालं त्यांचा प्लेबुक. त्यात ईमेलच नाही! त्यांचाच फोन शेजारी ठेवून जोडा, मग मेल दिसणार. उडुप्याने हॉटेल काढायचं आणि इडली शेजारून आणा म्हणायचं. ईमेल कधी आलं? फेब्रुवारी बारामध्ये. दहा महिन्यांनी."

मी घड्याळ बघितलं. ते नानांना दिसलं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

"आणि आपला आकाश, सरकारने विद्यार्थ्यांसाठी काढलेला स्वस्त टॅब. ५ ऑक्टोबर २०११. तेव्हाचे शिक्षणमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत दाखवला. सरकारला पडला बावीसशे शहात्तर रुपयांना. देशाभिमान म्हणून तरी घ्यावा, असं मनात आलं होतं. पण त्याचा पडदा बोट टेकवून ऐकायचा नाही, दाबावा लागायचा. तलाठ्यासमोर अंगठा उठवतो तसा." नाना जरा थांबले. "त्याच दिवशी तिकडे जॉब्स गेला. एकाच तारखेला. कात्रणं शेजारी शेजारी ठेवलीत मी."

खरोखरच ठेवली होती. त्या दोन कागदांकडे बघताना मला क्षणभर नानांबद्दल आदर वाटला. पण पुढच्याच वाक्याला तो गेला.

"तुमच्यासारखे लोक बातमीचा मथळा वाचतात आणि पैसे मोजतात. मी मजकूर वाचतो."

एवढ्यात आईबरोबर आलेला एक कॉलेजातला मुलगा आयपॅड हातात घेऊन बघत होता. नानांनी स्टूल तसूभर त्याच्या दिशेने सरकवलं.

"याला कॅल्क्युलेटर आहे का, विचार."

"असेलच ना, आजोबा."

"आता आहे. दहा साली आला तेव्हा नव्हता. चोवीस सालच्या सप्टेंबरात आला. चौदा वर्षं! प्रभू रामचंद्र परत आले तेवढ्या वेळात यांचा कॅल्क्युलेटर आला. त्याच वर्षी मे महिन्यात यांचा आयपॅड प्रो आला, ९९,९०० रुपयांपासून पुढे. जाडी पाच मिलिमीटर, भाकरीपेक्षा पातळ. आणि बेरीज करायची तर बोटांवर!"

मुलाच्या आईने आयपॅड हळूच काउंटरवर ठेवला. "लाख रुपयांत कॅल्क्युलेटर नव्हता?"

"वेगळं ॲप डाउनलोड करता यायचं, मम्मी," मुलगा कळवळून म्हणाला.

"पण त्यांनी दिला नव्हता ना?"

त्या माउलीच्या 'ना'वर दुकानाची एक विक्री तुटली. पोराने नानांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची होती. गाडीमालक माझ्याकडे तसंच बघतात.

माणूस बोलत होता ते सगळं खरं होतं, हाच तर वैताग. इंग्लंडच्या खटल्याचं कात्रण त्यांनी मला आग्रहाने वाचायला लावलं. ॲपलचं म्हणणं, सॅमसंगने आमच्या आयपॅडची नक्कल मारली. २०१२ साली तिथल्या न्यायमूर्तींनी निकाल दिला की नक्कल नाही, कारण सॅमसंगचा टॅब ॲपलइतका 'कूल' नाही. म्हणजे कॉपीचा आळ आलेल्या पोराला मास्तरांनी सोडून द्यावं आणि वर म्हणावं, एवढी वाईट उत्तरं कॉपी करून येत नसतात. सॅमसंगवाल्यांनी तो विजय कसा साजरा केला असेल कोण जाणे. सात इंची टॅबवाल्यांनी बोटं घासून बारीक करायला सोबत पॉलिश पेपरही द्यावा, अशी टिंगल जॉब्सने २०१०मध्ये केली होती. त्याचं वर्षश्राद्ध होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच त्याच्याच कंपनीने ७.९ इंचाचा आयपॅड मिनी जाहीर केला, हेही मला त्या फाईलमुळेच कळलं.

आमच्या घरात या विषयावर बोलायची सोय नाही. माझे दोन मावसभाऊ ॲपल विरुद्ध सॅमसंग यावरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांपैकी एकाकडेही दोन्हीतल्या एकाही कंपनीचा शेअर नाही. एकाने तर टॅबही ईएमआयवर घेतलाय. कंपन्या कोर्टात भांडतात त्याचे वकील पैसे घेतात, हे दोघे फुकट लढतायत. मावशीच्या पंचाहत्तरीला दोन टेबलं मांडावी लागली.

आणि बातम्या तरी कशा? आजचा टॅब खोक्यातून बाहेर यायच्या आत उद्याचा 'लीक' झालेला असतो. तो सोळा टक्के वेगवान, हा बावीस टक्के. कशापेक्षा? गेल्या वर्षीच्यापेक्षा, जो तेव्हा 'आजवरचा सर्वोत्तम' होता. माझ्या टॅबला मात्र कंपनीने दोनदा नवीन अँड्रॉइड दिलं आणि मग गप्प बसली. टॅब झिजला नाही, पडला नाही, भिजला नाही. कुठल्यातरी परदेशी ऑफिसात कुणीतरी एका यादीतून त्याचं नाव खोडलं. मी गाडीला घसारा लावतो तेव्हा निदान टायर हाताने चाचपून बघतो हो!

हे मी मोठ्याने बोललो असावं, कारण पोरगा म्हणाला, "सर, मग घेताय ना नवीन?" काकाचा सर झाला होता.

"साडेचारशेला देणार नाही," मी म्हणालो. "ॲपलचं पडदा पुसायचं फडकं एकोणीसशे रुपयांना आहे. फडकं! आणि माझ्या अख्ख्या टॅबचे साडेचारशे?"

"पाचशे देतो," नाना म्हणाले. "कव्हरसकट."

दुकान गप्प झालं. पेनड्राइव्हची पाकिटं लावणारा पोरगा वळून बघायला लागला. पंधरा वर्षांत नानांनी 'देतो' हा शब्द तिथे पहिल्यांदा उच्चारला होता.

"अहो, पण याच्यात काही चालत नाही. बँकेचं ॲप नाही, मॅच नाही."

"म्हणूनच. याचं जे बंद पडायचं होतं ते पडून झालंय. याच्यात आता नवीन काही येणार नाही, म्हणजे याच्याबद्दल वाईट बातमीही येणार नाही. असाच तर शोधत होतो."

याला उत्तर काय देणार? मी घाईघाईने त्यातून माझी खाती काढली. सगळा पुसायला हवा होता, पण नानांनी पाचशेची नोट काउंटरवर ठेवून वर बोट दाबून धरलं होतं. टॅब फाईलमध्ये गेला, आकाशच्या कात्रणाला टेकून. बटण टक्कन लागलं. पन्नास रुपये जास्त मिळाले, या आनंदात मी नवीन टॅबचं बिल करायला सांगितलं.

"सर, जुना दिला असता तर एक्स्चेंज बोनस दोन हजार बसला असता," पोरगा म्हणाला. "तो आता नाही लागणार."

"हे आधी सांगायचं ना!"

"सांगतच होतो, तुम्ही फडक्याचं बोलत होता."

पावतीवर माझा मोबाइल नंबर लिहून नानांनी खिशात ठेवला होता. अडीअडचणीला असावा म्हणून, असं म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी फोन.

"तुमचा टॅब वाजतोय. 'अनू ऊठ, डबा' असं लिहून येतंय."

शाळेच्या काळातला मुलीचा गजर. बंद कसा करायचा ते मी अंथरुणात पडल्यापडल्या दहा मिनिटं सांगत राहिलो. डावीकडे सरकवा. नाही, तुमचं डावीकडे. नानांच्या हातात बटणांचा फोन, त्यामुळे त्यांना एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्या हाताने सरकवायचं जमेना.

"राहू दे," ते शेवटी म्हणाले. "उठतोच मी या वेळेला. अनू कोण?"

"मुलगी."

"उठली का?"

"नाही."

"उठवा तिला. आणि हो, तुम्ही काल घेतलात ना, त्याच्या पुढचं मॉडेल आलंय. पान नऊ, खालच्या कोपऱ्यात. कात्रण काढून ठेवलंय तुमच्यासाठी."