मावशीचा १८.४

"मॅमोग्राफी विसरा. सीए १५-३ ही एकच रक्ततपासणी करा, स्तनाचा कॅन्सर गाठ लागण्याआधीच कळतो. नॉर्मल आलं की वर्षभर निश्चिंत! अँजेलिना जोलीलाही रक्तावरूनच कळलं." माहेर, सासर आणि सोसायटी, तिन्ही ग्रुपांवर हा मेसेज येऊन गेला. मावशीने तर खाली आपला रिपोर्टच जोडला: १८.४, मर्यादा ३०, पुढे स्वतःचे दोन नमस्कार.

'गाठ लागण्याआधी कळतो' हे तर साफ उलटं. सीए १५-३ म्हणजे म्यूक-१ या प्रथिनाचे रक्तात सुटलेले तुकडे. गाठ लहान असताना ते इतके थोडे असतात की पहिल्या टप्प्यातल्या बहुतेक रुग्णांचा आकडा नॉर्मलच येतो. तो चढतो आजार हाडांत, यकृतात पसरल्यावर. डॉक्टर तो मागवतात तेही मुख्यतः पसरलेल्या आजारात औषध लागू पडतंय का ते पाहायला, स्कॅनच्या जोडीने.

बरं, आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. कावीळ, सिरोसिस, गरोदरपण, स्तनातली साधी गाठ, यांतही तो वाढू शकतो. समजा, शंभर निरोगी बायकांत पाचजणींचा चुकून वाढला. लाखभर बायका तपासल्या तर पाच हजार घरांत विनाकारण रडारड.

जोलीबाईंचं म्हणाल तर २०१३ साली त्यांनी जाहीर केलं ते बीआरसीए-१ जनुकातल्या दोषाबद्दल. तो पुढचा धोका सांगतो. त्यांना कॅन्सर झालेलाच नव्हता.

रक्तातला कॅन्सरचा डीएनए शोधणाऱ्या नव्या तपासण्यांवर मात्र माझी नजर आहे, काम खरंच हुशारीचं आहे. तरी गॅलेरी या गाजलेल्या तपासणीला २०२१ च्या अभ्यासात स्तनाच्या पहिल्या टप्प्यातले कॅन्सर शंभरात तीनसुद्धा सापडले नाहीत.

आणि सुई न टोचता काय होतं, ते मुंबईतच दिसलंय. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे ७५ हजार बायका प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून तपासून घेतल्या. नुसत्या हाताने, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. २०२१ मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

मावशीला फोन केला. "डॉक्टरांनी हाताने तपासलं का गं?"

"डॉक्टर कुठले? मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला."