मॉथमनचं म्युझियम आणि तुटलेली पट्टी

काल कट्ट्यावर पॉइंट प्लेझंटवरून जुंपली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात, ओहायो नदीकाठचं छोटंसं गाव. तिथे एका गावकऱ्यानं २००५ साली मॉथमनचं म्युझियम काढलं. मॉथमन म्हणजे तिथल्या दंतकथेतला पंखवाला, लाल डोळ्यांचा माणूस.

इंजिनिअर लगेच तापला. "४६ माणसं गेली रे त्या गावात! १५ डिसेंबर १९६७, ऐन संध्याकाळची गर्दी, आणि सिल्व्हर ब्रिज नदीत. त्याच गावात भुताचे टी-शर्ट विकायचे?"

"भूत पुलाच्या आधीचं आहे," मास्तर म्हणाले. "नोव्हेंबर १९६६. दोन तरुण जोडपी रात्री गाडीतून टीएनटी एरियात गेली होती, महायुद्धातल्या दारूगोळ्याच्या बंद कारखान्याकडे. तिथे त्यांना ते दिसलं म्हणे. पूल पडल्यावर लोकांनी सांगड घातली, की ते भूत म्हणजे पुलाचं भाकीतच होतं."

"तिथंच तर माझं डोकं फिरतं!" इंजिनिअरनं वर्तमानपत्राच्या कडेला चित्रच काढलं. "पूल पोलादी साखळ्यांवर टांगलेला. एका कडीत दोनच पट्ट्या. एकीच्या भोकाशी जेमतेम अडीच मिलिमीटरची चीर, जोड उकलल्याशिवाय दिसणारच नाही अशी. ती पट्टी तुटली, सगळा भार दुसरीवर, कडी निसटली, पूल गेला. त्यानंतर, १९६८ च्या कायद्यानं, तिकडे पुलांची नियमित तपासणी आली. मॉथमननं काय केलं?"

"गावात माणसं आणली," ताई म्हणाली. "२००२ पासून दर सप्टेंबरला जत्रा भरते. हजारो लोक येतात, गावातच खातात-पितात. पोट भरतं त्यावर कुणाचं तरी."

मला ताईचं पटतं, पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. त्या म्युझियममध्ये साक्षीदारांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले जबाब जपलेत, तेव्हाची कात्रणंही. मोठ्या संग्रहालयानं असले कागद कशाला सांभाळले असते? आणि मी इंजिनिअरला तेच म्हटलं: हे जबाब पूल पडायच्या वर्षभर आधीचे. त्यांत पुलाचं भाकीत असणं शक्यच नाही. सांगड मागाहून घातली गेली, हे उघडं पाडणारा पुरावा त्या भुताच्याच घरात आहे. हौशी माणसानं कागद फेकले नाहीत म्हणून तो उरला.

इंजिनिअर जरा थांबला. "मग त्या जबाबांशेजारी या पट्टीचं चित्र हवं. चिरेसकट. ते असेल तर मी तिकीट काढून बघेन."

"आणि ४६ जणांची नावं," ताई म्हणाली. "पट्टीच्याही आधी."

यावर मात्र कुणाचंच दुमत नव्हतं.