‘१८२० सालचं कोल्हापूर’ म्हणून फिरणारे फोटो १८२० चे का नाहीत

‘१८२० सालच्या कोल्हापूरचे दुर्मिळ रंगीत फोटो’ अशा मथळ्याचा एक संच ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात अंबाबाईचं देऊळ, भरलेला बाजार, डोईवर पदर घेतलेल्या बायका आणि अंगभर दागिने ल्यालेलं एक कुटुंब असतं. सोबतच्या मजकुराचं म्हणणं चार गोष्टींचं: फोटो दोनशे वर्षांपूर्वीचे आहेत, रंग अस्सल आहेत, तेव्हा घरोघर सोनं-रेशीम होतं, आणि हाताने काढलेली त्या काळची चित्रं साहेबांच्या कल्पनेतली असल्यामुळे खरं जीवन फक्त या फोटोंतच दिसतं. चारही चूक आहेत. पहिल्या तिन्हींपेक्षा चौथ्याने जास्त नुकसान होतं, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी सनाचं पाहू. १८२० मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आबासाहेब महाराज होते आणि जगात कुठेही फोटो निघत नव्हता. कॅमेऱ्यातून टिपलेला, आज शिल्लक असलेला सर्वांत जुना फोटो फ्रान्समध्ये निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास काढला. त्यात खिडकीतून दिसणारी छपरं तेवढी आहेत, आणि ती उमटायला कित्येक तासांचं ऊन लागलं. फ्रान्सच्याच दागेर यांची, धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची पद्धत जाहीर झाली १८३९ मध्ये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक.

सन बाजूला ठेवला तरी फोटो स्वतःच बोलतो. दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसचा एक वर्दळीचा रस्ता टिपला, तो फोटोत ओस दिसतो. चालती माणसं, घोडे, गाड्या काही उमटलंच नाही. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा दिसतो. १८५१ नंतर ओल्या काचेची पद्धत आली. काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच त्याहून लवकर वाळे आणि वाळली की वाया जाई. त्यातही माणसाला काही सेकंद स्तब्ध राहावं लागे. तयार कोरड्या काचा १८७० च्या दशकाच्या अखेरीस मिळू लागल्या, तेव्हा कुठे चालतं माणूस स्पष्ट येऊ लागलं. म्हणून संचातला बाजाराचा फोटो, ज्यात टोपली उचलणारी बाई आणि वळणारा बैल दोन्ही ठळक आहेत, १८८० च्या अलीकडचाच.

कोल्हापूरकराला तर वास्तूंवरूनही ओळखता येईल. देवळातला लाकडी गरुड मंडप संस्थानचे कारभारी दाजी पंडित यांच्या काळातला, १८३८ च्या आधीचा तो नाहीच. नवा राजवाडा पुरा झाला १८८४ मध्ये, मिरजेहून रेल्वे आली १८९१ मध्ये. छपरावर चपटी मंगळुरी कौलं असतील तर फोटो १८६५ नंतरचा, कारण त्यांचा पहिला कारखाना मंगळूरला त्या वर्षी निघाला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं. तारेचा खांब, नालीदार पत्रा, घासलेटचा डबा, गुऱ्हाळावर लोखंडी चरक, यांतलं एक जरी कोपऱ्यात दिसलं तरी १८२० बाद.

रंगांबद्दल थोडक्यात. रंगीत फोटोची बाजारात चाललेली पहिली पद्धत १९०७ ची. त्याआधीचा रंगीत फोटो म्हणजे कृष्णधवल प्रतीवर ब्रशने भरलेले रंग, आणि आता तर मोबाईलमधलं ॲप ते काम करतं. ॲपला लुगड्याचा रंग माहीत नसतो, ते अंदाज लावतं. संचातल्या एका बाईच्या अंगावर झगझगीत जांभळं लुगडं आहे. तसला कृत्रिम जांभळा रंग इंग्लंडमध्ये पर्किन यांना १८५६ मध्ये सापडला. १८२० च्या रंगाऱ्याकडे नीळ, आल आणि मंजिष्ठ (लाल रंग देणारी मुळं), कुसुंबा (करडईची फुलं), लाख, हळद हे होतं. त्यांतून देखणे रंग निघत, पण कुसुंब्याचा गुलाबी उन्हात उडे आणि हळदीचा पिवळा धुण्यात जाई.

घरोघर सोनं-रेशीम? स्टुडिओत फोटो काढायला पैसे लागत. जो पैसे देई तो ठेवणीतलं नेसून, असेल नसेल तो दागिना घालून बसे. त्या फोटोंत मोलकरीण, धनगर, चर्मकार आपण होऊन आलेले क्वचितच. आणि फोटोही सरळ नसतो. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या निरनिराळ्या समाजांचा फोटोसंग्रह १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत काढला. त्यात माणसांचे फोटो वेगळे घेऊन मागे मुंबईतल्या जागांचे दुसरेच फोटो जोडलेले आहेत. माणूस खरा, जागा खरी, पण तो माणूस तिथे उभा नव्हता.

आता हाताने काढलेली चित्रं. १८०० ते १८४० मधलं रोजचं जीवन डोळ्यांनी पाहायचं तर तीच आपल्याकडे आहेत. शिवाय ती सगळी साहेबांची नाहीत. पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी १७९० च्या दशकात वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा समोर पाहून काढला. दौलतराव शिंद्यांच्या १८०९ च्या छावणीवर ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेलं पुस्तक १८१३ मध्ये लंडनला छापलं गेलं, त्यातली रंगीत चित्रं एका देशी चित्रकाराच्या हातची. वाई-मेणवलीच्या वाड्यांतली भित्तिचित्रं आणि कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथीच्या (चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या) पोथ्या देवादिकांच्या आहेत, पण पात्रांचे फेटे, पागोटी, लुगडी, हत्यारं चित्रकाराच्या डोळ्यांसमोरची आहेत.

चित्र कोणासाठी काढलं हे आधी विचारायचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी बनणाऱ्या, निरनिराळे धंदे करणाऱ्या लोकांच्या चित्रमालिकांत बहुधा नवरा-बायकोची जोडी, हातात धंद्याचं हत्यार आणि मागे कोरा कागद असतो. हत्यार सहसा नीट काढलेलं असतं, कारण धंद्याची ओळख तीच. कपडे मात्र नवेकोरे. एक मालिका खपली की खाका करून, म्हणजे रेषांवर सुईने भोकं पाडून कोळशाची पूड थापटून, तिच्या प्रती निघत. चौथ्या-पाचव्या प्रतीत विणकराच्या मागाचा एखादा दांडा गळतो, चोळीची पुढची गाठ ठिपका होऊन बसते. म्हणून दोन प्रती शेजारी ठेवाव्यात. जिथे काम करणाऱ्या हाताची पकड पटते ती मूळच्या जवळची.

छापील चित्रांत आणखी एक गफलत होते. तांब्याच्या पत्र्यावर किंवा शिळाछापाच्या दगडावर चित्र सरळ उतरवलं तर कागदावर उलटं उमटतं. मग सगळेच डावखुरे होतात, तलवार उजव्या कमरेला येते, पदर दुसऱ्या खांद्यावर जातो. यावरून ‘तेव्हा पदर असा घेत’ असा शोध लावणारेही मजकूर फिरतात. आधी चित्र आरशात पाहावं. आणि या छापांतले रंग लंडनमधल्या कारागिरांनी नमुन्यावरून हाताने भरलेले, तेव्हा लुगड्याच्या रंगाचा पुरावा म्हणून ते कच्चे. नेसण्याच्या पद्धतीचा म्हणून बरेच पक्के.

असा फोटो आला तर चौकट आणि अक्षरं कापून फक्त वास्तूचा भाग इमेज सर्चमध्ये टाकावा. काही सापडलं नाही तर तो आडवा उलटवून आणि कृष्णधवल करून पुन्हा टाकावा, कारण रंगवलेली किंवा उलटवलेली प्रत सर्च चुकवते. मोठा करून पाहिल्यावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापील पुस्तक-पोस्टकार्डावरून घेतलेला, म्हणजे मूळ छपाई १८८० नंतरची. बोटं, पाटीवरची अक्षरं, निऱ्या एकमेकांत विरघळलेल्या दिसल्या तर तो फोटोच नाही, संगणकाने बनवलेलं चित्र आहे. बाजाराच्या त्या फोटोखाली खरं तर एवढंच लिहायला हवं: ‘कोल्हापूर म्हणून प्रसिद्ध, १८८० नंतरचा, छायाचित्रकार अज्ञात, रंग नंतर भरलेले.’